मेथडच्या नावात काय ठेवशील?

पुणे

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

तुमच्या नव्या भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीतलं सॉर्टिंग तुझ्याकडे आलं, हे वाचून आनंद झाला. पण तुझं अर्धं पत्र कोणता अल्गोरिदम वेगवान यातच संपलंय. अल्गोरिदम पुढल्या आवृत्तीत बदलशील, कुणाला कळणारही नाही. लोकांना दिलेला शब्द मात्र मागे घेता येत नाही.

सारखे गुण असलेली दोन मुलं मूळ क्रमानेच राहणार की नाही, हे आधी ठरव. मी एकदा जावास्क्रिप्टमध्ये निकालाची यादी आधी नावाने आणि मग गुणांनी लावली. चाचणीला आठच नावं घेतली होती, सगळं चोख. प्रत्यक्षात वर्ग साठ जणांचा, आणि सारख्या गुणांच्या मुलांची नावं पार विस्कटली! क्रोमचं इंजिन तेव्हा दहापर्यंतच्या यादीला इन्सर्शन सॉर्ट लावायचं, त्यापुढे क्विकसॉर्ट. चूक माझीच, कारण क्रम टिकेल अशी हमी मानकात नव्हतीच. ती २०१९ मध्ये आली.

नावाचंही तसंच. पायथॉनचं 'सॉर्ट' मूळ यादीच बदलतं आणि मुद्दाम काहीच परत देत नाही. नवी यादी हवी तर 'सॉर्टेड'. जावास्क्रिप्टचं 'सॉर्ट' मूळ यादी बदलून तीच पुन्हा हातात ठेवतं, म्हणून नवखा फसतो. 'टूसॉर्टेड' यायला २०२३ उजाडलं. सी++ मध्ये आखूड नाव अस्थिर, म्हणजे सारख्यांचा मूळ क्रम न राखणाऱ्या, सॉर्टला आहे. रस्टने उलट केलं: साधं 'सॉर्ट' स्थिर, आणि ज्याला वेगासाठी क्रम सोडायचाय त्याने 'सॉर्ट_अनस्टेबल' असं लांबलचक टंकावं. मला हेच पटतं.

तुलनेचा नियम दिला नाही तर जावास्क्रिप्ट आकड्यांनाही अक्षरं समजून १, १०, २ असा क्रम लावतं. त्यावर जुनी संकेतस्थळं उभी आहेत, आता कोण हात लावणार? तू मराठी म्हणून एक सांगतो: युनिकोडच्या क्रमांकांनी शब्द लावलेस तर 'ळ' हा 'ल'च्या लगेच पुढे येतो, आपल्या वर्णमालेत तो 'ह'नंतर. भाषेनुसार लावणं वेगळ्या मेथडकडे दे.

कोड इतक्यात पाठवू नकोस. मेथडच्या माथ्यावर जी टिपणी लिहिणार आहेस, ती आधी पाठव.

तुझा,
काका