इंधन-घटातील उत्प्रेरक आणि कार्बन मोनॉक्साइड

हायड्रोजन आणि हवेतील ऑक्सिजन यांच्या संयोगातून थेट वीज देणाऱ्या इंधन-घटाचे गुणगान आपल्याकडे पुष्कळ झाले आहे. हा हायड्रोजन किती शुद्ध हवा, हे मात्र क्वचितच विचारले जाते. मिथेनॉलपासून मिळविलेल्या हायड्रोजनमध्ये शेकडा एकाच्या आसपास कार्बन मोनॉक्साइड राहू शकतो. पॉलिमर पटलाचा नेहमीचा घट सुमारे ८० अंश सेल्सिअसला चालतो. त्या तापमानास दर दशलक्ष भागांत या वायूचे १० भागदेखील घटाची शक्ती लक्षणीय कमी करतात.

ॲनोडवरील प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर हायड्रोजनच्या रेणूचे विघटन होते. कार्बन मोनॉक्साइड त्याच पृष्ठभागाला अधिक घट्ट चिकटतो आणि, एस. टी. गाडीत रुमाल टाकून जागा धरावी तशी, हायड्रोजनची जागा अडवितो. यावर प्लॅटिनममध्ये रुथेनियम मिसळण्याचा उपाय रूढ आहे. रुथेनियम तुलनेने कमी विभवावर पाण्यापासून हायड्रॉक्सिल गट मिळवितो. त्यातील ऑक्सिजनमुळे शेजारचा मोनॉक्साइड डायऑक्साइड होऊन निघून जातो. शिवाय रुथेनियमच्या सान्निध्यात प्लॅटिनमची मोनॉक्साइडवरील पकडही सैल होते. तथापि रुथेनियम दुर्मीळ आहे आणि वापरात हळूहळू विरघळतो. शेकडा एक मोनॉक्साइडपुढे तर हे मिश्रधातूही ८० अंशांना अपुरे पडतात.

दुसरा मार्ग तापमानाचा. उष्णता वाढली की मोनॉक्साइडची पकड सुटू लागते. परंतु नेहमीचे पटल पाण्यावाचून प्रोटॉन वाहून नेत नाही व १०० अंशांपुढे कोरडे पडते. फॉस्फोरिक आम्ल मुरविलेले पॉलिबेन्झिमिडाझोलचे पटल १६० अंशांच्या आसपास चालते आणि तेथे शेकडा एक मोनॉक्साइडही सुसह्य ठरतो. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, कराईकुडी व दिल्ली येथील सहप्रयोगशाळा आणि थरमॅक्स व रिलायन्स हे उद्योग यांच्या सहकार्यातून घडलेल्या अशा ५ किलोवॅट संचाचे अनावरण राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी सप्टेंबर २०१९ मध्ये केले. मिथेनॉल अथवा जैव-मिथेन हे त्याचे इंधन. ग्रामीण बायोगॅसचा विचार करता हीच दिशा अधिक फलदायी वाटते.

अर्थात आम्ल झिरपते, फॉस्फेट प्लॅटिनमला चिकटून ऑक्सिजनची अभिक्रिया मंदावते आणि संच तापण्यास वेळ लागतो. म्हणून वाहनांसाठी आजही ८० अंशांचा घट व अतिशुद्ध हायड्रोजनच वापरतात. त्यात मोनॉक्साइडची आंतरराष्ट्रीय मर्यादा दर दशलक्ष भागांत ०.२ भाग आहे. अखंड चालणाऱ्या दूरसंचार मनोऱ्यास मात्र तापण्याचा विलंब अडचणीचा नाही.