दूरच्या कोठारातील आकडे आणि त्यांचा दुभाषा

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात दुभाष्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको. धडगावच्या डोंगरातील आजीबाई पावरी बोलतात, दवाखान्यातील डॉक्टर प्रमाण मराठी बोलतात. मधला मनुष्य कच्चा असेल तर पोटदुखीचा ताप होतो आणि औषध भलतेच मिळते. संगणकाच्या व्यवहारातही असा एक दुभाषा असतो. त्यास ड्रायव्हर म्हणतात. मोटार हाकणाऱ्याशी त्याचे केवळ नामसाधर्म्य आहे.

हा दुभाषा कोणा दोघांमध्ये उभा असतो? एका बाजूस अहवाल तयार करणारे सॉफ्टवेअर असते. पॉवर बीआय, टॅब्लो, किंवा आपल्या ओळखीचे एक्सेल. दुसऱ्या बाजूस क्लाउड, म्हणजे दूरचे माहितीकोठार. क्लाउडचा अर्थ मेघ असला तरी ही माहिती आकाशात तरंगत नाही. मोठ्या इमारतींतील यंत्रांवर ती साठविलेली असते. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, मुंबई व चेन्नई येथे, आणि अ‍ॅमेझॉनने २०१६ साली मुंबईस अशी केंद्रे सुरू केली.

आम्हां खेड्यापाड्यांतील लोकांस याचे काय, असे कोणी पालक विचारतील. २०१८ साली नीती आयोगाने देशातील आकांक्षित जिल्हे निवडले, त्यांत नंदुरबार आहे. आरोग्य, पोषण, शिक्षण इत्यादी बाबतींत जिल्ह्याची प्रगती आकड्यांवरून जोखली जाऊ लागली. २०२१ पासून अंगणवाडी सेविका बालकांचे वजन व उंची मोबाइलवरील पोषण ट्रॅकरमध्ये नोंदवितात. वरचा अधिकारी प्रत्येक बालकास पाहू शकत नाही. तो अहवाल पाहतो. म्हणून आकडा वाटेत बिघडला तर त्याचा भार अखेर बालकावर पडतो.

आता थोडा इतिहास. १९७० साली एडगर कॉड या संशोधकाने माहिती तक्त्यांच्या रूपाने मांडण्याची उपपत्ती दिली. १९७४ साली चेंबरलिन व बॉइस यांनी त्या तक्त्यांस प्रश्न विचारण्याची भाषा रचली. तीच आजची एसक्यूएल. परंतु प्रत्येक कंपनीच्या कोठाराचा दरवाजा वेगळा आणि बोलीही थोडी वेगळी. १९९२ साली मायक्रोसॉफ्टने ओडीबीसी नावाची एक सामायिक रीत प्रचारात आणली. तेव्हापासून अहवालाचे सॉफ्टवेअर एकाच रीतीने प्रश्न विचारते, आणि ज्या त्या कोठाराचा ड्रायव्हर तो प्रश्न तेथील बोलीत सांगतो.

क्लाउडमध्ये मात्र एक नवीच अडचण उत्पन्न झाली. तेथील साध्या साठ्यास एसक्यूएल समजत नाही. ‘ही फाइल ठेव’ आणि ‘ती फाइल दे’ एवढेच त्यास प्रामुख्याने कळते. मग ‘कमी वजनाची बालके कोणती?’ हा प्रश्न त्यास कसा विचारावा? मार्ग दोन. ड्रायव्हरने सर्व फाइली आणून स्वतः वाचाव्या, किंवा साठ्याजवळच बसविलेल्या शोधयंत्राकडे प्रश्न सोपवून केवळ उत्तर आणावे. अ‍ॅमेझॉनचे अथेना हे २०१६ साली निघालेले असेच यंत्र होय. मूठभर ज्वारी पाहिजे असता कोठारातील सारी पोती गाडीत भरून कशाला आणावी? जेथे मोबाइलची रेघ कशीबशी येते तेथे तर दुसराच मार्ग बरा.

जोडणी करणे फारसे कठीण नाही. ड्रायव्हर व सॉफ्टवेअर दोन्ही ६४ बिटांचे किंवा दोन्ही ३२ बिटांचे असावे. या क्षुल्लक बाबीवरच पुष्कळांचा दिवस जातो. नंतर सर्व्हरचा पत्ता, वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड द्यावा. अहवालास केवळ वाचण्याची परवानगी असावी, लिहिण्याची नसावी.

खरी परीक्षा पुढे आहे. अक्षरांची संकेतपद्धती जुळली नाही तर देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात. पाहणाऱ्यास हसू येते. ज्याच्या गावाचे ते नाव, त्यास येत नाही. ०३/०४ ही तारीख तीन एप्रिल की चार मार्च, हेही आधीच ठरवावे लागते.

परंतु सर्वांत घातक घोटाळा रिकाम्या जागेचा. समजा, एका पाड्यावर पाच बालके आहेत. चौघांची वजने ९, १०, ८ व ११ किलो. पाचव्याचे आईबाप ऊसतोडीस गुजरातेत गेले, म्हणून त्याचे वजन झालेच नाही. खरी सरासरी चौघांची, ३८ भागिले ४, म्हणजे साडेनऊ किलो. रिकाम्या जागेस शून्य मानले तर ३८ भागिले ५, म्हणजे ७.६ किलो, सारा पाडा एकाएकी रोडावला! उलट ती ओळच गाळली तर सरासरी बरोबर येते, पण पाचवे बालक गणतीतून नाहीसे होते. आणि अंगणवाडीने शोधावयाचे तर नेमके तेच आहे. स्वल्पविरामांनी विभागलेल्या साध्या सीएसव्ही फाइलीत आकडा कोणता व अक्षर कोणते हे लिहिलेले नसते. पुष्कळ ड्रायव्हर पहिल्या काही ओळी पाहून तर्क करतात. २०१३ साली निघालेल्या पार्के या फाइलप्रकारात प्रत्येक रकान्याचा प्रकार नोंदलेला असतो आणि रिकामी जागा शून्याहून वेगळी राखली जाते.

म्हणून जोडणी होताच रंगीत आलेख काढण्याची घाई करू नये. कोठारात एकंदर ओळी किती आणि अहवालात किती आल्या, हे प्रथम ताडून पाहावे. मग रिकाम्या जागा वेगळ्या मोजाव्या व तो आकडा अहवालाच्या माथ्यावरच छापावा. त्याखाली माहिती कोणत्या दिवशी, किती वाजता आणली तेही लिहावे. कारण ऊसतोडीची कुटुंबे परत आली की दुसऱ्याच आठवड्यात तो आकडा बदलतो.