मोडीतल्या कार्डांवरून घराण्याचा माग

प्रश्न : पणजोबांच्या पेटीत मोडीतली पोस्टकार्डं सापडली. जाणकारांकडून ती देवनागरीत उतरवून घेतली, पण कोण कुणाचं हेच कळत नाही. वंशावळ कशी जुळवावी?

उत्तर : लिप्यंतर हाती आलं, तरी मूळ कार्ड बाजूला ठेवू नका, त्यावरून काळ कळतो. पाव आण्याच्या छापाशेजारी जादा तिकीट नसेल, तर कार्ड बहुधा १९२२पूर्वीचं. त्या वर्षी दर अर्धा आणा झाला. शके दिलं असेल तर इसवी सनासाठी ७८ मिळवा, माघ-फाल्गुनात ७९.

नात्याचा खरा धागा मायन्यात असतो. 'तीर्थरूप' वडीलधाऱ्यांना, 'चिरंजीव' धाकट्यांना, 'राजमान्य राजश्री' सहसा घराबाहेरच्यांना. मात्र तीर्थरूप म्हणजे वडीलच असं धरू नका. काका किंवा थोरला भाऊही असेल. एखादीच्या नावामागचं 'सौ.' पुढच्या कार्डात 'गं. भा.' झालं, तर मधल्या काळात तिचे पती गेले. हा बदल फार मोलाचा आहे, कारण मृत्यूची बातमी देणारं कार्ड लोक वाचून लगेच फाडत. ते पेटीत मिळणं कठीण.

जुळलेली नावं, मूळ गाव आणि आडनाव घेऊन नाशिक किंवा त्र्यंबकेश्वरच्या तुमच्या तीर्थोपाध्यायांकडे जा. त्यांच्या वह्यांत पूर्वजांच्या नोंदी पिढीवार सापडू शकतात.