अधांतरी चाक

मोठ्या रस्त्यावरून घराच्या आवारात नेणारी वाट पुष्कळदा आखूड आणि उभ्या चढाची असते. मोटार त्या चढावर सरळ न जाता तिरकी चढू लागली, म्हणजे पाहणाऱ्यास कधी कधी मोठे नवल वाटते. तिचे उजवे पुढचे चाक चढावर गेलेले असते, डावे अजून सपाटीवरच असते. आणि उजवे मागचे चाक जमीन सोडून अधांतरी तरंगत असते! हजार-बाराशे किलो वजनाच्या गाडीचे चाक कोणी बरे उचलले?

या कोड्याचे उत्तर घरातल्या तिवईपाशी सापडते. तिवई कितीही खडबडीत जमिनीवर ठेवली, तरी तिचे तिन्ही पाय टेकतात. चौरंग मात्र डुगडुगतो. तीन पाय टेकले, की चौथा टेकेलच असे नाही. मोटार हाही एक चौरंगच आहे. फरक इतकाच, की तिचे पाय लवचीक आहेत. गाडीचा सांगाडा आणि चाके यांच्यामध्ये स्प्रिंगा किंवा पोलादी पाटे बसविलेले असतात. या साऱ्या रचनेस सस्पेन्शन म्हणतात.

गाडी उभी असतानाच तिच्या भाराने प्रत्येक स्प्रिंग दबलेली असते. समजा, एका गाडीची स्प्रिंग मऊ असून ती 15 सेंटिमीटर दबली आहे. दुसरीची ताठ असून केवळ 5 सेंटिमीटर दबली आहे. चाकाखालची जमीन खोल गेली, म्हणजे स्प्रिंग उलगडते व चाकाला खाली ढकलते. मऊ स्प्रिंगपाशी उलगडण्यासाठी 15 सेंटिमीटरांची पुंजी आहे. ताठ स्प्रिंगची पुंजी 5 सेंटिमीटरांतच संपते. मग चाकावर दाब उरत नाही, आणि जमीन त्याहूनही खोल असेल, तर ते अधांतरी राहते.

फ्रान्समधील सित्रोएन कारखान्याचे एक प्रमुख अधिकारी पिएर-ज्यूल बूलांजे यांनी 1930 नंतरच्या दशकात आपल्या अभियंत्यांना खेडुतांसाठी एक गाडी बनविण्यास सांगितले. त्यांची अट मोठी गमतीची होती. नांगरलेल्या शेतातून गाडी नेली, तरी टोपलीतले एकही अंडे फुटता कामा नये! महायुद्धामुळे काम लांबले, आणि 1948 साली पॅरिसच्या प्रदर्शनात ती गाडी लोकांपुढे आली. तिच्या स्प्रिंगा अतिशय मऊ होत्या. शिवाय एका बाजूची पुढची व मागची चाके एकमेकांशी जोडलेली होती. पुढचे चाक उंचवट्यावर चढले, की त्याच बाजूच्या मागच्या चाकावर खाली दाब येई. म्हणजे जे चाक उचलले जायचे, नेमके तेच जमिनीला चिकटून राही. 1990 पर्यंत या गाडीचे उत्पादन चालू होते.

मग सर्वच गाड्या अशा का करीत नाहीत? कारण वळणावर ही गाडी वाऱ्यात सापडलेल्या होडीसारखी कलत असे. वेगवान गाडीला ते परवडत नाही. म्हणून तिच्या स्प्रिंगा ताठ करतात, आणि डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी एक पोलादी कांब बसवितात. तिला ॲन्टी-रोल बार म्हणतात. एक चाक वर जाऊ लागले, की ही कांब पिळली जाते व दुसऱ्यालाही वर ओढते. त्यामुळे वळणावर गाडी कमी कलते. परंतु तिरक्या चढावर, ज्या चाकाने खाली जावयास हवे त्यालाच ती वर खेचते.

उचललेले चाक इंजिनाने फिरणारे नसेल, तर फारसे बिघडत नाही. गाडी तीन चाकांवर निमूटपणे चढून जाते. पण ते इंजिनाने फिरणारे असेल, तर प्रसंग कठीण. वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरता यावे, म्हणून त्यांच्यामध्ये डिफरन्शियल नावाची दंतचक्रांची रचना असते. ती दोन्ही चाकांना सारखाच जोर देते. हवेतले चाक फिरवावयास जोर जवळजवळ लागतच नाही; म्हणून जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच, म्हणजे नगण्य जोर मिळतो. इंजिन घोंघावते, अधांतरी चाक गरगर फिरते, आणि गाडी जागच्या जागी! आजच्या पुष्कळ गाड्यांत अशा वेळी त्या चाकाला आपोआप ब्रेक लागतो, आणि दुसऱ्याला जोर मिळू लागतो.

दोन्ही पुढची चाके एकाच वेळी चढावर घातली, तर गाडीला पीळ बसत नाही व चाकही उचलले जात नाही. पण लांब नाकाच्या बुटक्या गाडीचे नाक मग चढाच्या पायथ्याशीच घासते. म्हणून तिचा मालक जाणूनबुजून तिरका चढतो. एखादे चाक अधांतरी गेले, तर ते त्याला चालते.