बाई गप्प, वर्ग बोलका

सासवडच्या पुढच्या एका गावात, मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये मी 28 वर्षं इंग्रजी शिकवलं. रुजू झाले तेव्हा मुलांची एबीसीडी पाचवीत सुरू व्हायची. 2000 सालच्या जूनपासून राज्यात इंग्रजी पहिलीपासून आलं आणि आता पोरं फाडफाड बोलणार, असं सगळ्यांना वाटलं. पोरं मँगो, पॅरट, अंब्रेला घेऊन आमच्यापर्यंत पोचली, पण तोंड काही उघडेनात. त्यात माझाही वाटा होता. धडा वाचायचा, ओळीओळीचं मराठी सांगायचं, प्रश्नोत्तरं फळ्यावर उतरवून द्यायची. पस्तीस मिनिटांच्या तासात तीस मिनिटं मीच बोलायचे. इंग्रजी सुधारलं असेल तर ते माझंच. पुढे चुकतमाकत जे उमगलं, ते असं.

1. आधी गरज, मग वाक्य

"व्हॉट इज युवर नेम?" हे मी ज्याला विचारायचे त्याचं नाव हजेरीपटावर माझ्यासमोरच असायचं. ते त्यालाही ठाऊक. मग उत्तरात जीव कुठून येणार? एन. एस. प्रभू यांनी 1979 पासून दक्षिण भारतातल्या साध्या शाळांमध्ये एक प्रयोग केला होता. व्याकरणाचे नियम पढवण्याऐवजी मुलांना डोकं चालवायला लावणारं काम द्यायचं. रेल्वेचं वेळापत्रक, नकाशा असं काहीतरी. अर्थ लावता लावता भाषा आत झिरपते, हा त्यांचा विचार. तो वाचला आणि मी एसटी स्टँडवरचं वेळापत्रक वहीत उतरवून आणलं. दोघींना पाठीला पाठ लावून बसवलं. एकीच्या कागदावर गाड्या सुटण्याच्या वेळा, दुसरीच्या कागदावर पोचण्याच्या. प्रश्न एकच: हडपसरला मामाच्या मुलीचं लग्न, मुहूर्त बारा पस्तीसचा, कोणती गाडी धरायची? "विच बस?" "नो, नो, दॅट लेट!" वाक्यं मोडकी होती, पण विचारणारीला उत्तर खरंच हवं होतं.

2. गोंगाटाला भिऊ नका

श्रुतलेखन म्हटलं की वर्ग पेंगायचा. मग आम्ही पळतं श्रुतलेखन सुरू केलं. उतारा बाहेर व्हरांड्यात खांबाला चिकटवायचा. जोडीतल्या एकाने पळत जाऊन एक वाक्य डोक्यात साठवून आणायचं, दुसऱ्याने ऐकून लिहायचं. मध्येच अदलाबदल. यात वाचन, स्मरण, उच्चार, लेखन सगळं एका दमात होतं. 'वेट' आणि 'वेस्ट' यांतला फरक मी घसा फोडून सांगितला तरी कळत नव्हता. जोडीदाराने चुकीचं लिहिलं की मात्र पळणारा स्वतःच चिडून तीनतीनदा नीट म्हणून दाखवायचा. पहिल्या दिवशी मुख्याध्यापक सर दारात येऊन उभे राहिले. "बाई, ऑफ तास आहे का?" मी म्हटलं, "नाही सर, इंग्रजीचाच आहे." त्यांना ते पटायला एक सहामाही गेली.

3. चूक टिपा, त्यावर लगेच बोट ठेवू नका

हा धडा मला महागात पडला. सातवीतली एक अबोल मुलगी एकदा आपणहून उभी राहिली. "बाई, येस्टरडे अवर गोट गिव्ह टू... टू..." शेळी व्यायली होती, दोन करडं झाली होती. मी तिथल्या तिथे "गिव्ह नाही, गेव्ह बर्थ" केलं. ती खाली बसली. दिवाळीपर्यंत पुन्हा बोलली नाही. करडाला इंग्रजीत 'किड' म्हणतात आणि लहान मुलालाही 'किड'च म्हणतात, हे ऐकून सगळा वर्ग हसला असता, आणि ती सगळ्यांत जास्त. ती संधी मी घालवली.

तेव्हापासून जवळ एक छोटी वही ठेवली. मुलं बोलत असताना चुका त्यात टिपायच्या आणि शेवटच्या पाच मिनिटांत, कुणाचं नाव न घेता, फळ्यावर मांडायच्या. मुलंच दुरुस्त करतात. कुणाची चूक होती, हे कुणी विचारत नाही.

4. मराठीला दाराबाहेर उभं करू नका

एका वर्षी मी वर्गात मराठी बोलल्यास एक रुपया दंड लावला. आठवड्यात दोन रुपये जमले आणि वर्ग मुका झाला.

पुढे मी मराठीलाच हाताशी धरलं. मुलं 'टू मी हंगर केम' असं का लिहितात? कारण मराठीत भूक आपल्याला लागते, सर्दी आपल्याला होते, भाषा आपल्याला येते. ही वाक्यं मी फळ्यावर एका बाजूला लिहिली, त्यांची इंग्रजी दुसऱ्या बाजूला. तिकडे सगळीकडे 'आय'. एक पोरगा म्हणाला, "बाई, इंग्रजीत माणूस सगळं स्वतःच करतो की!" व्याकरणाच्या पुस्तकात इतकं नेमकं मला सापडलं नव्हतं. 'अ' आणि 'द'चंही तसंच. एक होता राजा. त्या राजाला दोन राण्या. पहिल्यांदा भेटतो तो 'एक', ओळख झाली की 'तो'. आजीच्या गोष्टीत जे असतं, ते मुलांना नव्याने शिकवावं लागत नाही.

5. कविता समजावू नका, झाका

अरुण कोलटकरांचा 'जेजुरी' हा इंग्रजी कवितासंग्रह 1976 मध्ये आला, पुढच्या वर्षी त्याला कॉमनवेल्थ कविता पुरस्कार मिळाला. आमच्या मुलांची तर घरातली जेजुरी. सोमवतीला पालखीबरोबर चालत जाणारी ही मुलं. त्यांना वाटायचं, इंग्रजी कविता म्हणजे डॅफोडिल आणि बर्फ. मी त्यातली 'मनोहर' ही अगदी छोटी कविता घेतली. दार उघडं आहे, मनोहरला वाटतं की हेही एक देऊळच, तो आत डोकावतो. इथपर्यंत लिहिलं आणि पुढचं झाकलं. आत काय असेल? पिंड, खंडोबा, म्हाळसा, भंडाऱ्याची पोती. प्रत्येक अंदाज इंग्रजीत सांगायचा, कारणासह. मग कागद सरकवला. आत वासरू! तो होता गोठा. वर्गात हशा पिकला आणि मग मागच्या बाकावरून आवाज आला, "बट बाई, काऊ इज ऑल्सो गॉड." त्यावर जी जुंपली, तिच्यात मी पडले नाही. भावार्थ लिहून दिला असता तर तो प्रश्न आलाच नसता.

6. निबंधाआधी यादी

'माय फेव्हरिट फेस्टिव्हल' म्हटलं की गाइडातला निबंध वहीत उतरतो. आर. के. नारायण यांच्या 1935 च्या 'स्वामी अँड फ्रेंड्स'मध्ये स्वामी परीक्षेच्या आधी लागणाऱ्या सामानाची यादी करतो: कागद, निबा, शाई, टाचण्या. तो प्रसंग वाचून दाखवला आणि म्हटलं, तुमची यादी करा. यादीत क्रियापद लागत नाही, काळ चुकत नाही, त्यामुळे कच्च्या मुलालाही लिहिता येतं. पेन दोन, पट्टी एक, अंगारा एक पुडी, 'ब्रदर्स वॉच', 'लाइट इन नाइट'. त्या शेवटच्या नोंदीखाली त्या पोराकडून मग पाच वाक्यं लिहून घेतली. भारनियमनावरचा इतका चांगला निबंध मी तरी कधी वाचलेला नाही.

7. हे रोज करू नका

पोर्शन असतो, पेपर असतो, पालक 'गाइड कुठलं घेऊ?' विचारतात, आणि त्यांचं चुकत नाही. मी आठवड्याला दोनच तास असे ठेवले, मंगळवार आणि शुक्रवार. बाकीचे दिवस धडा आणि प्रश्नोत्तरं. तेवढ्यावरही मुलं मंगळवारची वाट बघायची.

निवृत्तीच्या दिवशी दहावीतला एक मुलगा कागद न घेता इंग्रजीतून बोलायला उभा राहिला. चार मिनिटं बोलला. सवयीने माझा हात पर्समधल्या छोट्या वहीकडे गेला आणि मी तीन चुका टिपल्या. मग लक्षात आलं, त्या फळ्यावर मांडायला पुढचा तास नव्हता.