ती गोळी मी मोजलीच नव्हती

"सध्या कोणकोणती औषधं चालू आहेत?" दोन वर्षांत हा प्रश्न मला तीन वेगवेगळ्या डॉक्टरांनी विचारला. तिन्ही वेळा मी तेच उत्तर दिलं. बीपीची एक, आणि नंतर रक्तवाढीची एक. लपवायचं काही मनातही नव्हतं. गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणत होते ती गोळी मला औषध वाटतच नव्हती. बाम चोळावा, गरम पाण्याने शेकावं, तशीच ती दुखलं की घ्यायची.

नाशिकला माझं पोळी-भाजी केंद्र आहे. पहाटे साडेचारला कणीक तिंबायला घेते. रोजच्या अडीचशे पोळ्या, लग्नसराईत त्याच्या दुप्पट. सगळं काम उभ्याने, पायाखाली शहाबादी फरशी. पन्नाशी उलटली तसा उजवा गुडघा कुरकुरायला लागला. एका मे महिन्यात ऑर्डरी इतक्या होत्या की बसायला सवड नव्हती. तेव्हा हाताखालच्या एका बाईने पदराची गाठ सोडून गोळी काढली. "ताई, ही घ्या, अर्ध्या तासात मोकळं वाटेल." खरंच वाटलं. रिकामी पट्टी मेडिकलमध्ये दाखवून मी तसलीच दुसरी आणली. दुकानातला मुलगा ओळखीचा. "काकू, एक देऊ की दोन?" एवढंच विचारायचा. चिठ्ठी त्याने मागितली नाही, मीही नेली नाही. पट्टीच्या कडेला उभी लाल रेघ होती. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध घेऊ नये, असा तिचा अर्थ असतो, हे मला रुग्णालयाच्या खाटेवर कळलं.

आधी दिवसाला एक गोळी, मग सकाळ-संध्याकाळ. जेवल्यावरच घ्यायचे, त्यामुळे आपण काळजी घेतोय असं वाटायचं. सात-आठ महिन्यांनी संध्याकाळी पावलं सुजायला लागली, चपलेचा पट्टा रुतायचा. बीपी तपासलं तर वाढलेलं. डॉक्टरांनी माझ्या बीपीच्या गोळीचा, म्हणजे टेल्मिसार्टनचा, डोस दुप्पट केला. तरी आटोक्यात येईना, म्हणून लघवीवाटे पाणी काढणारं औषध असलेली जोडगोळी दिली. पुढे दम लागायला लागला. एक जिना चढले की कठड्याला टेकायचे. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.९. बाईमाणसाला निदान १२ हवं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. "या गोळ्यांनी शौच काळं होतं, घाबरू नका," असं आवर्जून सांगितलं गेलं, आणि ते खरंही आहे.

त्या एका वाक्याने पुढचे पाच-सहा आठवडे माझ्या डोळ्यांवर झापड राहिली. शौच काळं होत होतं आणि मी निर्धास्त होते. पण लोहाच्या गोळीचा काळेपणा वेगळा असतो. हिरवट काळा रंग येतो, बाकी सगळं नेहमीसारखं. माझं तसं नव्हतं. डांबरासारखं चिकट, चकचकीत, भांड्याला धरून राहणारं. बादलीभर पाणी टाकलं तरी कड सुटायची नाही. आणि वास इतका उग्र की नंतर आत जाणारा नाक दाबायचा. पोटात पाझरलेलं रक्त आतड्यातून येता येता असं होतं. हे लिहिताना मला संकोच वाटतो. पण हे कुणी मला आधी इतक्याच स्पष्ट शब्दांत सांगितलं असतं, तर मी त्याच आठवड्यात दवाखाना गाठला असता. पोट दुखत नव्हतं, जळजळही फारशी नव्हती. दुखण्यावरच्या या गोळ्यांनी झालेली जखम बऱ्याचदा मुकीच असते. दुखणं मारणारी गोळी पोटात असली, की जखमेचं दुखणंही कळत नाही.

एका पहाटे परातीत पाणी ओतता ओतता डोळ्यांपुढे अंधारी आली. शुद्धीवर आले तेव्हा गालाला ओलं पीठ चिकटलेलं होतं आणि सून मोठमोठ्याने हाका मारत होती. रुग्णालयात हिमोग्लोबिन ५.८ भरलं. रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी औषधांची यादी विचारली, मी नेहमीचं उत्तर दिलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि वेगळ्याच शब्दांत विचारलं, "मावशी, अंग दुखलं, गुडघे दुखले तर काय घेता?" तेव्हा कुठे ती गोळी माझ्या तोंडून बाहेर पडली. एन्डोस्कोपीत जठरात जखम दिसली, आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचे जंतूही निघाले. हे जंतू पोटात असताना अशा गोळ्या घेतल्या, तर अल्सरचा धोका आणखी वाढतो. क्रिएटिनिन १.७, म्हणजे मूत्रपिंडांवरही ताण आलेला.

मग डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं ते सगळं माझ्या भाषेत सांगते. मी घेत होते त्या गोळीत ॲसिक्लोफेनॅक होतं. ते, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन, मेफेनॅमिक ॲसिड, निमेसुलाइड ही सगळी एकाच घरातली भावंडं. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. सुजलेल्या सांध्यात तीच आग आणि ठणका वाढवतात. ही औषधं त्या रसायनांची निर्मिती रोखतात, म्हणून आराम पडतो. याच घरातल्या ॲस्पिरिनचं काम असं चालतं हे जॉन व्हेन या शास्त्रज्ञाने १९७१ साली दाखवलं, आणि १९८२च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. पण जठराच्या आतलं बुळबुळीत अस्तर राखायलाही हीच रसायनं लागतात. शरीरातलं पाणी कमी झालं, तर मूत्रपिंडाकडे जाणारी रक्तवाहिनी उघडी ठेवण्याचं कामही त्यांचंच. गोळी रक्तातून सगळीकडे पोचते आणि सगळीकडेच ती निर्मिती थांबवते.

जेवल्यावर घेतली की बाधत नाही, हा माझा समज इथेच गळून पडला. भरल्या पोटी घेतल्याने मळमळ कमी होते, अस्तराचं रक्षण त्याने होत नाही. इंजेक्शन घेतलं की पोट वाचतं, हेही खरं नाही, कारण नुकसान रक्तातून होतं. पँटोप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी सोबत दिली तर पोटाचा धोका बराच कमी होतो, पण मूत्रपिंडाला आणि बीपीला तिचा काही उपयोग नाही.

खाटेवर पडल्या पडल्या मी मागच्या दोन्ही वर्षांचे कागद काढून लावले. गोळीने अंगात मीठ-पाणी साठलं, पाय सुजले, बीपी चढलं आणि बीपीच्या औषधाचा जोर कमी पडला. म्हणून त्याचा डोस वाढला. मग पाणी काढणारं औषध आलं. टेल्मिसार्टनसारखं औषध, पाणी काढणारं औषध आणि वेदनाशामक, ही तिन्ही एकत्र आली की मूत्रपिंडांची अक्षरशः कोंडी होते. त्यात उन्हाळा, जुलाब किंवा उलट्या असल्या तर विचारूच नका. जखमेतून थेंबथेंब रक्त गेलं, म्हणून लोह सुरू झालं, आणि लोहाने जखमेची खूण झाकली. माझ्या प्रत्येक नव्या औषधाच्या मागे तीच एक गोळी होती. ती कुठल्याच कागदावर नव्हती. डॉक्टरांना मी दोष देऊ शकत नाही. पण विचारण्याची रीत बदलावी, अशी माझी त्यांना हात जोडून विनंती आहे. "औषधं कोणती" विचारलं की आमच्यासारख्या बायकांना डॉक्टरांनी लिहून दिलेलीच आठवतात. "दुखल्यावर काय घेता," असं विचारा.

माझं माहेर त्र्यंबककडचं. लहानपणी मेलेलं जनावर गावाबाहेर टाकलं की गिधाडांचा थवा उतरायचा. पुढे ती दिसेनाशी झाली. गुरांना डायक्लोफेनॅक टोचलं जायचं, ते जनावर मेलं की त्याच्या मांसातून औषध गिधाडांच्या पोटात जायचं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. हे कारण २००४ साली सिद्ध झालं आणि २००६ साली आपल्याकडे जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली. अंजनेरीच्या कड्यांवर अजून थोडी गिधाडं आहेत. माणसाचं शरीर गिधाडाचं नव्हे, माणसाला ते इतकं जहाल नाही, हे मला कळतं. पण आकाश रिकामं करणारं औषध मी दोन वेळा चहाच्या घोटाबरोबर घेत होते, हा विचार मनातून जात नाही. ॲसिक्लोफेनॅकचंही शरीरात काही प्रमाणात डायक्लोफेनॅकच होतं. म्हणून गुरांसाठी तेही २०२३ साली बंद झालं.

हे वाचून कुणी या औषधांना विष म्हणू नये. माझ्या मुलाला मुतखड्याची कळ उठली तेव्हा तो जमिनीवर लोळत होता, आणि डायक्लोफेनॅकच्या एका इंजेक्शनने तासाभरात शांत झोपला. दाढ काढल्यावर, पाय मुरगळल्यावर, पाळीच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी या गोळ्या मोठा आधार देतात. संधिवाताच्या रुग्णांना तर त्या महिनोन्‌महिने लागतात, पण ते घेतात डॉक्टरांच्या नजरेखाली, अधूनमधून रक्त तपासून. कमीत कमी डोस आणि कमीत कमी दिवस. दोन-तीन दिवसांत थांबलं नाही, तर पुढची पट्टी आणण्याऐवजी दुखण्याचं कारण शोधायचं.

नावांनी फसू नका. क्रोसिन आणि डोलो म्हणजे पॅरासिटामॉल. ते या घराण्यातलं नाही, सूज उतरवत नाही, पोटालाही तसं लागत नाही. पण दिवसाला ४ ग्रॅमच्या वर गेलं तर यकृत धोक्यात येतं, आणि दारू पिणाऱ्याने त्याच्या बरंच आत राहावं. कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही आहेत. म्हणजे तापासाठी डोलो आणि अंगदुखीला कॉम्बिफ्लॅम घेतली, तर पॅरासिटामॉल दोनदा पोटात गेलं. पट्टीवरचं मोठ्या अक्षरातलं नाव सोडा, खालची बारीक अक्षरं वाचा, चष्मा नसेल तर मुलांकडून वाचून घ्या.

पावसाळ्यात ताप आला आणि डेंग्यूची शंका असेल, तर या घराण्यातली एकही गोळी नको, रक्तस्रावाची भीती असते. तेव्हा पॅरासिटामॉलच. दमा असलेल्यांतल्या काहींना या गोळ्यांनी जोराचा झटका येतो. गरोदरपणात, विशेषतः पाचव्या महिन्यानंतर, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. बारा वर्षांखालच्या मुलांना निमेसुलाइड द्यायला आपल्या देशात २०११ पासून बंदी आहे, घरात जुनी बाटली असेल तर टाकून द्या. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी तर फार जपावं. पोटाला सौम्य म्हणून गाजलेलं रोफेकॉक्सिब याच कारणाने २००४ साली जगभरातून मागे घ्यावं लागलं. मात्र हृदयासाठी रोज ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेणाऱ्यांनी माझं वाचून ते परस्पर बंद करू नये, त्याने झटका येऊ शकतो. त्याच्या जोडीला दुसरं वेदनाशामक घेऊ नका, एवढंच. आणि सांधेदुखीवरच्या बिननावाच्या पुड्या तर नकोतच. जडीबुटी म्हणून विकलेल्या असल्या पुड्यांत वेदनाशामक आणि स्टेरॉइड मिसळलेलं सापडलं आहे.

माझा गुडघा अजून आहे तसाच आहे, झीज भरून येत नाही. पण मांडीचे स्नायू बळकट करायचा व्यायाम रोज करते. खुर्चीत बसून पाय सरळ उचलायचा, दहा अंक मोजायचे, खाली ठेवायचा. पहिला महिना काही फरक जाणवला नाही, तिसऱ्या महिन्यात जिना सोपा झाला. ओट्यापुढे जाड रबरी पायपोस आणि उंच स्टूल आलं. फारच ठणकलं तर डायक्लोफेनॅकचंच मलम लावते, डॉक्टरांना विचारून. ते रक्तात फार थोडं उतरतं. जंतूंवर दोन आठवडे औषध घेतलं, जखम भरली, क्रिएटिनिन १.१ वर आलं. बीपीची गोळी पुन्हा पहिल्या डोसवर आली.

परवा ती गोळी मला पहिल्यांदा देणारी बाई पोळी लाटता लाटता थांबली आणि भिंतीला टेकली. मी गॅस बंद केला, तिला स्टुलावर बसवलं आणि कानाशी जाऊन विचारलं, "परसाकडं काळं होतं का? चिकट?" ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने पिशवीतून तीन पट्ट्या काढून पिठाच्या ओट्यावर ठेवल्या. एक कंबरेची, एक डोक्याची, एक दाढेची, असं ती सांगत होती. मी चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली. तिन्ही पट्ट्यांवर डायक्लोफेनॅक लिहिलेलं होतं. आम्ही हात धुतले आणि दुपारच्या डब्यांची ऑर्डर रद्द करून दवाखान्यात गेलो.