ॲसिड स्लरी वापरण्याआधी हे वाचा

डिशवॉश लिक्विड बनवायचंय? मग आधी ॲसिड स्लरी समजून घ्या. रॉकेलातून काढलेलं पॅराफिन आणि बेन्झिन यांपासून 'लॅब' हे तेलकट रसायन बनतं. आपल्या पाताळगंगेला रिलायन्स ते बनवते. त्यावर सल्फर ट्रायऑक्साइडची प्रक्रिया झाली की दाट, तपकिरी स्लरी तयार.

ती तीव्र आम्ल आहे, कातडी भाजते! हातमोजे, चष्मा हवाच. कॉस्टिक सोडा पाण्यात थोडा थोडा टाका. कॉस्टिकवर पाणी कधीच ओतू नका. हे द्रावण थंड झालं की पाण्यात ढवळलेल्या स्लरीत हळूहळू सोडा. बादली प्लास्टिकची, ॲल्युमिनियमची मुळीच नको. पीएच पट्टी 7 ते 8 दाखवेपर्यंत रंग-सुगंध घालू नका. नुसता फेस बघून बाटल्या भरणारे बरेच आहेत. त्यांच्या गिऱ्हाइकाचे हात जळजळतात.